दाबल्यावर रंग फिका व्हायला हवा ना? मदत हवी आहे (उद्या तोंडी!!)

गोंधळ_अकरावी: ल शातेलिएच्या नियमाने (समतोलाला धक्का दिला की तो धक्का कमी होईल अशा बाजूला सरकतो) दाब वाढवला की रंग फिका व्हायला हवा. व्हिडिओत वायूने भरलेली सिरिंज दाबली तर गडद झाला! सर म्हणतात, नीट वाच. तीनदा वाचलंय. पटकन सांगा कोणीतरी.

चहाबिस्कीट: कुठला वायू? दाबल्यावर किती वेळाने पाहिलंस?

गोंधळ_अकरावी: तोच हो, ब्राऊनवाला, एनओटू, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. लगेच. व्हिडिओ तिथेच संपतो.

जुनी_लॅब: मग गोम तिथेच आहे. दोन एनओटू जुळून एक रंगहीन एनटूओफोर होतो, आणि तो परत फुटतोही. समतोलात दोन्ही चालू असतं, फक्त सारख्या वेगाने. २५ अंशांना समज, लिटरमागे ०.०४ मोल एनटूओफोर आणि ०.०१३६ मोल एनओटू आहे. जागा अर्धी केलीस की एनओटू झटक्यात ०.०२७. हा तुझा गडद रंग. मग जोड्या जुळत तो ०.०१९७ वर येतो. म्हणजे फिका होतो, पण पहिल्याइतका नाही.

पंक्चरवाला: एवढी आकडेमोड कशाला? दाबल्यावर वायू तापतो. सायकलचा पंप मारून बघा, नळी हाताला गरम लागते. तापला की एनटूओफोर फुटतो, रंग गडद. संपला विषय.

जुनी_लॅब: तापतो, मान्य. त्याने थोडी भर पडते. पण तापमान तेच ठेवलं तरी जागा अर्धी झाल्याक्षणी संहती, म्हणजे लिटरमागचे मोल, दुप्पट होणारच ना?

पंक्चरवाला: पंप मारला आहे का कधी?

टॉपरची_आई: बाळा, उत्प्रेरकाने समतोल सरकत नाही, फक्त लवकर येतो, हे पाठ कर. अमोनियाच्या हाबर पद्धतीत लोखंड असतं. आमच्या चिरंजीवांना हेच आलं होतं.

गोंधळ_अकरावी: काकू, हे विचारलंच नाहीये. घरी तांब्याची तार आणि नायट्रिक ॲसिड घेऊन करून बघू का?

चहाबिस्कीट: अजिबात नाही! तो वायू विषारी आहे, फुप्फुसात पाणी होतं, तेही कधीकधी काही तासांनी. सोड्याची बाटली उघड, फसफस बघ. तोही समतोलच मोडतो.

गोंधळ_अकरावी: बरं. मग सरांनी "गडद की फिका?" विचारलं तर काय सांगू?

जुनी_लॅब: आधी त्यांना विचार, कशाच्या तुलनेत? दाबण्याआधीच्या की दाबल्याक्षणीच्या?

गोंधळ_अकरावी: आमचे सर तोंडीत उलट प्रश्न विचारला की मार्क कापतात.