जाहिरातीचा ओळखक्रमांक: नाव नाही म्हणजे निनावी?

शोधयात्री (धागाकर्ता):
जाहिरातदारांना फोन ओळखता यावा म्हणून त्याला दिलेल्या जाहिरात-ओळखक्रमांकात आपले नाव नसते, म्हणून तो निरुपद्रवी आहे, असे वारंवार सांगितले जाते. मला ते पटत नाही. हवामानाचे अ‍ॅप आणि खेळाचे अ‍ॅप तोच क्रमांक पुढे पाठवतात. एकाला मी रात्री कुठे असतो ते ठाऊक, दुसऱ्याला मी किती वाजेपर्यंत जागतो ते. या दोन नोंदी क्रमांकावरून जुळवल्या, की नाव सापडायला कितीसा वेळ लागणार? २००६ साली एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने नावांच्या जागी क्रमांक घालून लोकांचे शोधशब्द खुले केले, तेव्हा पत्रकारांनी काही दिवसांतच एका क्रमांकामागची व्यक्ती शोधून काढली.

तटस्थ:
असहमत. उदाहरण खरे आहे, पण त्या व्यक्तीचा ठावठिकाणा क्रमांकाने नव्हे, तिच्याच शोधशब्दांनी उघड केला. जाहिरातीचा क्रमांक निदान बदलता तरी येतो; हा क्रमांक येण्याआधी आयफोनवरची अ‍ॅप्स उपकरणाचा कायमचा क्रमांक वाचत, त्यावर काहीच इलाज नव्हता. शिवाय क्रमांक बंद केल्याने माग काढणारे स्वस्थ बसत नाहीत. पडद्याचा आकार, बसवलेले फाँट, वेळक्षेत्र अशा किरकोळ गोष्टींच्या बेरजेतून ब्राउझरचा ठसा तयार होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०१० मधील पाहणीत ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कुणाशीही जुळला नव्हता, आणि तो पुसायला सेटिंगमध्ये बटण नाही.

शोधयात्री:
शोधशब्द एका क्रमांकाखाली गोळा झाले नसते, तर ते एकाच व्यक्तीचे आहेत हे कळले कसे असते? आणि बदलण्याचे म्हणाल, तर मी गेल्या आठवड्यात क्रमांक बदलला, पण त्याच ईमेलने लॉगिन केलेल्या अ‍ॅपला जुना आणि नवा क्रमांक शेजारी शेजारी लिहून ठेवण्यापासून कोण अडवणार?

तटस्थ:
पहिला मुद्दा मान्य. दुसऱ्यात मात्र तुम्ही माझीच बाजू मांडत आहात, कारण तिथे खरा दुवा ईमेल आहे.

पायवाट:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते आहे. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर या क्रमांकासाठी अ‍ॅपला आधी परवानगी मागावी लागते, आणि नकार दिल्यास हाती केवळ शून्ये लागतात. परवानगीच्या त्या खिडकीत ठशाचा प्रश्न विचारलेलाच नसतो; ठसा घेण्याला अ‍ॅपलची नियमावली मनाई करते खरी, पण तो घेतला गेला की नाही, हे वापरणाऱ्याने तपासायचे कसे?