जुन्या शहर-दरवाजाच्या दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) सिमेंटने भराव्यात का?

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरातील एका जुन्या दरवाजाच्या कमानीत सिमेंटने भरलेल्या दर्जांलगतच दगडाचे पापुद्रे सुटत आहेत आणि बोट फिरवले की पांढरी पूड हाताला लागते. असे का होते?

उत्तर १ : ती पूड क्षारांची आहे. चुन्याच्या दर्जांतून भिंतीतला ओलावा बाहेर पडतो. सिमेंट मात्र घट्ट असल्याने तो दगडाकडे वळतो, पाणी सुकल्यावर क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली वाढतात आणि दगड फुटतो. मलिक अंबरने 1612 मध्ये उभारलेला याच शहरातला भडकल दरवाजा चुन्यातलाच आहे, हे दुरुस्ती करणाऱ्यांनी विसरू नये.

उत्तर २ : सिमेंट काढताना यंत्र लावू नका, छिन्नी-हातोडीने हळूहळू काढा, नाहीतर दगडाच्या कडा जातील. चांगला मुरवलेला चुना, वाळू आणि सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) वापरा, आणि भरलेल्या दर्जा काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. ठेकेदाराला ही सवड मिळालीच पाहिजे.

उत्तर ३ : वर पिंपळ उगवला असेल तर नुसता छाटू नका. मुळे आत जिवंत राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतात.

प्रश्नकर्ता : पिंपळ आहे, कमानीच्या अगदी माथ्यावर.