पासिंग झालेली 15 वर्षांची गाडी 30 हजार जास्त देऊन घ्यावी का?

राजारामपुरी_आठवी
दोन गाड्या बघून ठेवल्यात. दोन्ही 2010 च्या, पेट्रोल, एकच मॉडेल, रनिंगही जवळपास सारखंच. एकीचं 15 वर्षांचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण, नुकतंच झालंय, आरसीवर 2030 पर्यंतची तारीख आहे. दुसरीचं व्हायचंय. पहिलीवाला एजंट 30 हजार जास्त मागतोय आणि वर म्हणतोय, "पाच वर्षं बघायचं काम नाही."

माझं मत आधीच सांगून टाकतो: हे 30 हजार कागदाचे आहेत, गाडीचे नाहीत. पासिंग त्या दिवसापुरतं असतं. त्या सकाळी ब्रेक लागला, हेडलाइट लागली, इंडिकेटर लुकलुकला, वायपर फिरला, चेसिस नंबर आरसीशी जुळला, झालं. आठ दिवस आधी गॅरेजात घालून एवढं कुणीही जमवू शकतो. क्लच किती उरलाय, इंजिन ऑइल खातंय का, गिअरबॉक्स कण्हतोय का, यातलं काहीच त्या कागदावर येत नाही.

'कुठलं मॉडेल पासिंगला अडत नाही' हे तर विचारूच नका. मालक बघा. ज्यांना पटत नाही त्यांनी बोलावं, पण 'आमच्या काकांची गाडी कधीच अडली नाही' यापेक्षा जरा वजनदार काहीतरी आणा.

पिवळी_पाटी
पटत नाही. तुम्ही पांढऱ्या पाटीवाले 15 वर्षांत एकदा पासिंगला जाता, पुढं दर 5 वर्षांनी. आमच्या टुरिस्ट गाडीला नवी असताना दोन-दोन वर्षांनी आणि 8 वर्षं झाली की दरवर्षी. आठ वर्षांच्या पुढची पिवळ्या पाटीची गाडी जर दरसाल पास होत आली असेल, तर तिला तुम्ही नुसता कागद म्हणणार? जोतिबा, पन्हाळा, वाडी, गगनबावडा, रोजचा घाट. माझी गाडी आता तसली झाली. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, ब्रेक शू, बुश, टाय रॉड एंड बघूनच न्यावी लागते, कारण तारीख डोक्यावर असते. तारीख नसती तर मीच काय, कुणीही म्हटलं असतं 'बघू दिवाळीनंतर'.

पासिंगचा खरा उपयोग तोच. तपासणारा काय बघतो ते सोडा, मालकाला वर्षातनं एकदा गाडीखाली वाकावं लागतं.

आणि मॉडेलनं फरक पडतो, दादा. ज्या गाडीचा माल कागल, गारगोटी, मलकापूर, कुठल्याही दुकानात मिळतो, त्या गाडीचा मालक तो माल टाकतो. ज्या गाडीच्या एका हेडलाइटसाठी पुण्याला फोन करून आठ दिवस थांबायचं, तिथं चिकटपट्टी लागते. आमच्या स्टँडवर अल्टो आणि बोलेरो पासिंगला जाताना कुणाच्या तोंडावर टेन्शन दिसत नाही, ते काय उगीच?

उद्यमनगर_पाना
दोघंही अर्धं अर्धं बोलताय. माझ्याकडं पासिंगच्या आधी गाड्या येतात आणि पासिंगला अडलेल्या परतपण येतात. जुन्या कारचं अडतं कुठं ते लिहितो.

सगळ्यात जास्त हँडब्रेक. मागचे ड्रमचे शू झिजलेले, नाहीतर केबल ताणून ताणून मेलेली. लोक गिअरात गाडी लावतात, वर्षानुवर्षं हँडब्रेकला हात लावत नाहीत, तो जाम होतो. मग ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणं: कॅलिपर अडकलेला किंवा व्हील सिलिंडर गळका. मग हेडलाइटची काच पिवळी पडलेली, उजेडाचा झोत आभाळात. टायरची नक्षी 1.6 मिमीच्या खाली. हे सगळं हजार-दोन हजारांपासून सुरू होतं आणि दोन दिवसांत होतं. यावरनं गाडी चांगली की वाईट ठरवू नका.

खरं दुखणं खाली असतं. कोकणातनं आलेली किंवा राधानगरी-गगनबावड्याकडं बारमाही फिरलेली गाडी लिफ्टवर घेतली की जॅक लावायच्या जागेत स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा. चांगला पत्रा टक् वाजतो. वाईट पत्रा वाजत नाही, वरचा काळा रबर कोट फाटून टोक आत जातं आणि तांबडी भुकटी पालथ्या हातावर पडते. असल्या पत्र्यावर कोट मारून पासिंगला नेलेल्या गाड्या मी बघितल्यात. वरनं चकाचक.

एक मात्र पासिंगच्या बाजूनं. चेसिस नंबर. जुन्या गाडीत तो गंजानं खाल्लेला असतो, कागद ठेवून वरनं पेन्सिल घासली तर आकडे उठत नाहीत. हे प्रकरण पासिंगलाच निघतं आणि निघालं की लई डोकेदुखी. पासिंग झालेल्या गाडीत निदान ही कटकट मिटलेली असते.

ताराबाई_पार्क_हिशेब
सगळे ब्रेकवर बोलताय, पैशांवर कुणीच बोलत नाही. 15 वर्षांच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2022 पासून 5,000 रुपये आहे, पूर्वी 600 होती. त्यावर पर्यावरण कर, डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी म्हणून नव्या सुरक्षा नंबरप्लेटचे 745 अधिक जीएसटी. उशीर झाला असेल तर दर महिन्याला 500 वेगळे. वर उद्यमनगरवाल्यांनी सांगितलेली कामं, एजंटाची मजुरी, एक-दोन रजा.

थोडक्यात, पासिंग व्हायची गाडी स्वस्त वाटते ती कागदावरच. फरक 15 हजारांच्या आसपास धरायला हरकत नाही. 30 नाही, पण शून्यही नाही. राजारामपुरी, तुम्ही तो शून्य धरताय.

हेही बघा की 20 वर्षं ओलांडली की तीच फी 2025 च्या ऑगस्टपासून 10,000 झाली आहे. म्हणजे तुमची 2010 ची गाडी 2030 ला विकायला काढाल तेव्हा समोरचा हाच हिशेब तुमच्या पुढ्यात मांडणार.

राजारामपुरी_आठवी
@ताराबाई_पार्क_हिशेब मॅडम, फीचे पैसे धरायचे हे मान्य, ते मी भाव करताना कापूनच घेईन. माझा आक्षेप उरलेल्या 15 हजारांवर आहे. ते एजंट 'खात्री' म्हणून घेतोय.

@पिवळी_पाटी तुमच्या गाडीला दरवर्षी तारीख आहे म्हणून तुम्ही वाकता, हे एकदम मान्य. पण मी घेतोय ती पांढऱ्या पाटीची. तिच्याकडं 2010 पासून 2025 पर्यंत पीयूसी सोडली तर कुणी बघितलंच नाही. पीयूसी म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजणं, ब्रेकशी त्याचा संबंध नाही. पंधरा वर्षांत एका सकाळचा पुरावा, आणि तोही तयारी करून दिलेला. यावर भरवसा ठेवा म्हणताय?

बावडा_पंचगंगा
यात पुराच्या गाड्या कुणी धरल्या का? 2019 आणि 2021 ला शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, आमचा बावडा, कुठं कुठं पाणी शिरलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पार्किंगात छतापर्यंत बुडालेल्या गाड्या नंतर धुऊन, वाळवून, सीट कव्हर बदलून विकल्या गेल्या. पासिंगला त्या पास होणारच. ब्रेक लागतो, लाइट लागते.

बघायचं कसं: पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटापर्यंत. कायम गुंडाळलेल्या त्या हातभर पट्ट्याला गाळाचा रंग धरलेला असतो. तो धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग स्टेपनी काढून त्या खड्ड्यात हात फिरवा. नंतर वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेत का बघा. हे बघायला फीही लागत नाही आणि तारीखही.

मी राजारामपुरीच्या बाजूनं.

ब्रॅडफर्डचा_कोल्हापूरकर
इकडून लिहितो. ब्रिटनमध्ये गाडी 3 वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, एमओटी म्हणतात. आपल्याकडच्या पांढऱ्या पाटीच्या तुलनेत फारच कडक. तरी सरकारी माहितीतच लिहिलेलं असतं की इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची अवस्था या तपासणीत येत नाही. म्हणजे मूळ मुद्दा इथेही लागू आहे.

फरक दुसरीकडे आहे. इथे कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाका, जुन्या तपासण्यांचा इतिहास समोर येतो. कधी नापास झाली, कशासाठी, तेव्हा किती मैल पळाली होती, 'पास, पण पुढचे टायर संपत आलेत' असल्या सूचनासुद्धा. सलग तीन वर्षं 'खाली गंज' अशी सूचना दिसली की मी ती गाडी बघायलाही जात नाही. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, गंज हा इथला कायमचा शत्रू.

तुमच्याकडे एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला की फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत एवढं कळतं. तारखाच. नापास होऊन परत आलेली आणि पहिल्या झटक्यात पास झालेली, दोन्हींची तारीख सारखीच दिसते. म्हणून माझ्या मते तक्रार तपासणीवर नको, दडलेल्या नोंदीवर हवी.

पिवळी_पाटी
ब्रॅडफर्डवाले, तुमचं बरोबर आहे, पण ती नोंद इथं उघडी केली तर निम्मा बाजार बसेल.

आणि एक राहिलं. तुम्ही सगळे पासिंगला एवढे टोचताय, मग नोव्हेंबरात रात्री शिरोळ नाहीतर कागलच्या रस्त्यानं या एकदा. उसाची जोडट्रॉली, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. त्याच्या मागं ब्रेक लागायचा असेल तर तो तुमच्याच गाडीचा लागायला हवा. म्हणून म्हणतो, एका सकाळची का असेना, तपासणी झालेली गाडी मला बिनतपासणीच्या गाडीपेक्षा बरी.

उद्यमनगर_पाना
ट्रॉलीचं सोडा, तो वेगळा धागा होईल आणि भांडणं होतील.

राजारामपुरी, मला पासिंग न झालेली गाडी घ्यायला जास्त आवडते, कारण विचित्र वाटेल. तिला कुणी रंगरंगोटी केलेली नसते. काय गेलंय ते उघडं दिसतं, मी दुरुस्त करतो, मग पासिंगला नेतो. पासिंग करून विकायला काढलेल्या गाडीत काय झाकलंय ते शोधण्यात माझा अर्धा दिवस जातो. पण हे मला परवडतं, हातात पाना आहे म्हणून. ज्याला बॉनेट उघडायचा खटका कुठं असतो तेही माहीत नाही, त्यानं मॅडमचा हिशेब धरावा आणि झालेलीच घ्यावी.

ताराबाई_पार्क_हिशेब
बॉनेटचा खटका मला माहीत आहे, तरी मी झालेलीच घेईन. न झालेली गाडी चेसिस नंबरवर अडली तर आरसी संपलेली गाडी दारात उभी राहते. रस्त्यावर काढता येत नाही, काही झालं तर विमा कंपनी फाटे फोडणार, आणि विकणारा तोवर फोन उचलायचा बंद झालेला असतो. ही जोखीम 15 हजारांत विकत घ्यायला मी तयार नाही.

राजारामपुरी_आठवी
जोखमीचं ऐकलं. मग असं करतो: न झालेलीच घेणार, पण टोकन देताना लिहून घेणार की पासिंग विकणाऱ्याच्या नावावर, त्याच्याच खर्चानं होईल, बाकीची रक्कम आरसी हातात आल्यावर. तयार नसेल तर त्याला काहीतरी माहीत आहे, जे मला नाही. पाना, आधी तुमच्याकडं आणू का बघायला?

उद्यमनगर_पाना
आणा. पण त्याला सांगा, गाडी सकाळी तुमच्यासमोर पहिल्यांदा चालू करायची. तुम्ही जायच्या आत बॉनेट गरम लागलं तर तिथनंच परत फिरा. थंड इंजिन चालू होताना सायलेन्सरमागं उभं राहा, निळा धूर आला तर मला आणून दाखवायचीपण गरज नाही.

पिवळी_पाटी
आणि विकणाऱ्यानं 'भावा, लिहून कशाला, माझ्यावर विश्वास नाही काय' म्हटलं तर?

राजारामपुरी_आठवी
तर दुसरी गाडी बघायची. 2010 च्या गाड्यांना कोल्हापुरात तोटा नाही.