वर्गात "फक्त इंग्रजी"चा नियम करावा का?

मेळघाटची_मॅडम:
नमस्कार मंडळी. धारणी तालुक्यात झेडपी शाळेवर आहे, चौथीचा वर्ग. पोरं घरी कोरकू बोलतात, मराठी शाळेत येऊन शिकली, त्यात पहिलीपासून इंग्रजी. आता जवळच एक प्रायव्हेट इंग्लिश स्कूल निघालंय, तिथं कोरकू किंवा मराठी बोललं की दंड, आणि आमचे पालक म्हणतात मॅडम तुम्हीपण तसंच करा नाहीतर पोरगं तिकडे टाकतो. मला पटत नाही, पण त्यांची काळजीही खरी आहे. काय करू?

सातपुडा_गुरुजी:
ताई, दंड अजिबात नको. माझ्याकडे भिली बोलणारी मुलं आहेत. "आय वॉटर ड्रिंक" म्हणतात, कारण भिलीत न् मराठीत क्रियापद शेवटी येतं, तुमच्या कोरकूतही तसंच, म्हणजे पोरानं डोकं चालवलंय. मी फळ्यावर तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहितो, भिलीचं पोरंच सांगतात, मग क्रियापदाखाली रेघ मारायला लावतो, लगेच ओरडतात सर इंग्रजीत हे मधे घुसलं! माझे भिली उच्चार पोरं सुधारतात, मग त्यांनाही इंग्रजी चुकायची भीती राहत नाही.

विदर्भ_कन्या:
दंडाला माझाही विरोध. पण पालकांना मातृभाषेचं लेक्चर देऊ नका प्लीज. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, त्याआधी मराठी शाळेत पाचवीपर्यंत थांबायचं आणि शहरातले पैसेवाले केजीपासून शिकायचे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या काव्यफुलेत इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिली ती उगाच नाही. इंग्रजी भरपूर द्या, चांगलं द्या, फक्त पोराला त्याच्या आईच्या बोलीची लाज वाटेल असं देऊ नका.

हिंजवडीकर:
आमच्या कॉलवर जपानी असतात, ब्राझीलचे असतात, सगळे आपापल्या ढंगात इंग्रजी बोलतात न् काम होतं. समजलं नाही तर परत विचारता यायला पाहिजे, आमच्याकडे नवीन आलेली गावाकडची हुशार पोरं तिथंच गप्प बसतात. "सॉरी, कॅन यू रिपीट?" हे बिनधास्त म्हणायला शिकवा, उच्चार होतील हळूहळू.

मेळघाटची_मॅडम:
गुरुजी, फळ्याचं उद्याच करते. पालकसभा पण वर्गातच घेईन म्हणते, पोरं मोहफुलं वेचण्याबद्दल आधी कोरकूत सांगतील मग इंग्रजीत. पण बरेच आईबाप मजुरीला बाहेरगावी गेलेत, आजी-आजोबाच येतील, चालेल ना?

सातपुडा_गुरुजी:
चालेल काय, आजीलाच कोरकू वाक्य विचारा!