गंगेवर सायकल न्यावी का? (आणि काठाने ट्रॅक हवा का?)

पेडलवेडा
परवा मुंबईचे दोन मित्र आले होते. नाशिक म्हणजे द्राक्षं, वाईन आणि मिसळ एवढीच त्यांची यादी. म्हटलं, आधी गोदावरी बघा. पहाटे साडेपाचला सायकली काढल्या, गंगापूर धरणापर्यंत गेलो आणि तिथून पाण्याच्या दिशेने खाली आलो. सोमेश्वर, आनंदवल्ली, अशोक स्तंभ, होळकर पूल, रामकुंड, तपोवन.

माझं स्पष्ट मत आहे की हे शहर सायकलवरूनच कळतं. धरणापाशी नदी तळ्यासारखी निवांत. सोमेश्वरला काळ्या कातळावरून फेसाळत उडी मारते. आनंदवल्लीच्या खाली पाणवेली सुरू होतात आणि वास बदलतो. चारचाकीत काचा वर असतात, बुलेटवर हेल्मेट असतं. सायकलवर नाक उघडं असतं. कुठला नाला कुठे मिळतो ते नकाशा न बघता सांगता येतं. पायी गेलात तर एका सकाळी एवढी नदी होत नाही.

म्हणून मागणी: २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी एवढी कामं चालली आहेत, त्यात धरण ते तपोवन असा काठाकाठाने सलग सायकल ट्रॅक करून टाका.

पंचवटीकरीण
नदी धरणापासून बघितलीत, छान. पण गंगेवर (बाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) सायकल घेऊन येऊ नका, हात जोडून सांगते.

मागच्या महिन्यात आमच्या काकांचं दहाव्याचं होतं. पिंड ठेवलेले, कावळ्याची वाट बघत आम्ही बसलेलो. तेवढ्यात मागून घंटी. पाच-सहा जण, चकचकीत कपडे, डोळ्यांवर निळे गॉगल. एकाने सायकल पायरीला टेकवली आणि रामकुंडाकडे पाठ करून फोटो काढला. कावळा उडाला. गुरुजी काही बोलले नाहीत, पण त्यांनी बघितलं तसं मी कुणाला बघताना पाहिलेलं नाही.

बुधवारी तर विचारूच नका. आठवडे बाजारात मेथीच्या जुड्या आणि कांद्याचे ढीग, त्यांच्यामधून चाकं काढणार कुठून?

टेकावरचा
ताईंशी सहमत, पण कारण वेगळं. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ ही म्हण उगाच नाही पडली. जुनं नाशिक नऊ टेकड्यांवर आहे. भद्रकालीतून घाटाकडे उतरणारा बोळ सायकलवरून बघणार? उतारात दोन्ही ब्रेक दाबून धरलेले, डोळे समोरच्या रिक्षावर, आणि डाव्या हाताचा लाकडी खांबांचा वाडा गेला मागे! जुन्या गढीवर १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उत्खनन केलं, हजारो वर्षांची वस्ती सापडली. ती गढी दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळते आणि कडेला घरं आहेत. हे बघायला थांबावं लागतं. सायकलवाला थांबत नाही, त्याला सरासरी वेग राखायचा असतो.

पेडलवेडा
@टेकावरचा, सरासरीचा टोमणा मान्य 😄 पण सायकल हातात धरून चालता येते की राव. स्कूटर ढकलत गायधनी लेनचा चढ चढून दाखवा.

@पंचवटीकरीण, ते आम्ही नव्हतो, पण लाज वाटली. दशक्रियेच्या ठिकाणी चाक जायलाच नको, शंभर टक्के. ट्रॅकबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. २०१५ साली इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली. त्या शहरात लहान मुलाला सायकल शिकवायला धड जागा नाही!

प्रेसवाला_निवृत्त
गंमत वाटते वाचून. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात होते. रोज सायकल, डबा हँडलला. सुट्टी झाली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. त्याला कोणी ‘शहर अनुभवणं’ म्हणत नव्हतं. आता लोक ऐंशी हजारांची सायकल गाडीच्या टपावर बांधून धरणापर्यंत नेतात आणि तिथून चालवतात.

पेडलवेडा, तुम्ही पहाटे साडेपाचला निघालात म्हणून नदी दिसली. संध्याकाळी सहाला द्वारका चौक सायकलवरून ओलांडा आणि मग लिहा. ट्रॅक हवा तो तिथे हवा, कामावर जाणाऱ्याला. नदीकाठी फिरणाऱ्याला नव्हे.

पंचवटीकरीण
ट्रॅकबद्दल आता बोलतेच. काठाने म्हणजे नक्की कुठून? निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या. तुमचा ट्रॅक निळीच्याही आत येणार. नदीकाठच्या गोदापार्कचं काय झालं आठवतं ना? २०१६ च्या ऑगस्टात पूर आला आणि फरश्या, कठडे, दिवे घेऊन गेला. २०१९ ला पुन्हा तेच, सराफ बाजारात पाणी.

आमच्याकडे पूर मोजायला यंत्र लागत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी म्हणजे दुकानं आवरायला घ्या, कमरेला म्हणजे उशीर झाला. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं की महापूर. माझी आई अजून धरणातून किती क्युसेक सोडलं ते विचारत नाही, ‘मारुती कुठवर?’ एवढंच विचारते.

प्रत्येक सिंहस्थाला घाटावर थोडं काँक्रीट वाढतं. जुनी कुंडं त्याच्या खाली गेली आणि जिवंत झरे बुजले, म्हणून लोकांना कोर्टात जावं लागलं. गेल्या वर्षी तपोवनातली झाडं वाचवायला रस्त्यावर यावं लागलं. आता त्यात सायकलच्या नावाने आणखी एक पट्टा? सायकल पर्यावरणाची म्हणून तिच्या खालचं सिमेंट पर्यावरणाचं होत नाही.

पेडलवेडा
ही पूररेषा मी खरंच विचारात घेतली नव्हती. ‘काठाकाठाने’ हा शब्द मागे घेतो. पण मागणी पूर्ण सोडत नाही. गंगापूर रोडवर, वरच्या अंगाला, आहे त्या डांबरातून एक पट्टा आखून द्या. नवीन सिमेंट नको. नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी सायकल लावायला दांड्या द्या, पुढे पायी. यात कुणाचा पूर अडतो?

टेकावरचा
पट्टा आखला की संध्याकाळपर्यंत त्यावर पाणीपुरीची गाडी आणि चार स्कूटर. बाकी कल्पना वाईट नाही.

प्रेसवाला_निवृत्त
आणि द्वारका?

पेडलवेडा
काका, द्वारकेला मीही उतरून फूटपाथवरूनच जातो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पंचवटीकरीण
वरच्या रस्त्याने असेल तर माझं भांडण नाही. येत्या रविवारी त्या मुंबईच्या मित्रांना पुन्हा आणा. सायकली मालेगाव स्टँडला लावायच्या, उतार पायी उतरायचा. काळाराम, नारोशंकर, मारुती मी दाखवते. मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढलं होतं तेही दाखवीन. फोटो हवे तेवढे काढा, फक्त दहाव्याला बसलेल्यांकडे कॅमेरा नको.

प्रेसवाला_निवृत्त
मीही येतो. माझ्याकडे वडिलांची जुनी काळी सायकल आहे, मागचं मडगार्ड वाजतं. आणि मालेगाव स्टँडला लावणार असाल तर कुलूप दोन आणा.