डिझेलचा तुटवडा महिनाभर टिकला, तर गावाने काय करावे?

पूर्णाकाठ (जिंतूर, जि. परभणी)

नमस्कार. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला टँकरचालकांच्या आंदोलनामुळे मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन डेपोंतून गाड्या निघाल्या नाहीत आणि पाहता पाहता मराठवाड्यातील पंपांवर रांगा लागल्या, हे अनेकांना आठवत असेल. त्या वेळी देशात तेल होते, वाहतूक थांबली होती. म्हणून आंदोलन मिटताच टंचाईही मिटली. श्रीलंकेत २०२२ साली घडले ते निराळे होते. परकीय चलनाची गंगाजळी आटल्यामुळे तेलाच्या जहाजांचे पैसे देता येईनात आणि जूनअखेर अत्यावश्यक सेवांखेरीज इतरांची इंधनविक्री काही काळ थांबवावी लागली. भातकापणीच्या यंत्रांसाठी डिझेल मिळवताना तेथील शेतकऱ्यांचे अतोनात हाल झाले.

आपला देश त्या अवस्थेत नाही. तरीही आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि आमच्या गावात नांगरटीपासून मळणीपर्यंतची बहुतेक कामे आता डिझेलवर चालतात. असा तुटवडा ऐन मृगात आला, तर मिळेल तेवढे डिझेल आधी कोणत्या कामाला द्यावे आणि ते कोणी ठरवावे? ज्यांच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नाही, त्या अल्पभूधारकांची पेरणी मागे राहू नये, ही माझी मुख्य चिंता आहे.

तिफण (अहमदपूर, जि. लातूर)

माझा ट्रॅक्टर भाड्याने चालतो, म्हणून कामांच्या बाजूने लिहितो. खोल नांगरट आणि रोटाव्हेटर यांना सर्वाधिक डिझेल लागते. पेरणीयंत्र त्यामानाने हलके चालते. त्यामुळे टंचाईच्या वर्षी रोटाव्हेटर बाजूला ठेवून कुळवाच्या पाळीवर भागवावे आणि वाचलेले डिझेल पेरणीसाठी राखावे. सोयाबीननंतर हरभरा घ्यायचा असेल, तर जमिनीत ओल असेपर्यंत नांगरट न करता थेट पेरणी करता येते.

खरी नासाडी मात्र रिकाम्या फेऱ्यांत होते. ज्याचा फोन आधी येईल त्याच्या शेतात आधी जायचे, मग शिवाराच्या दुसऱ्या टोकाला, मग पुन्हा अलीकडे, असा आमचा धंदा चालतो. गावाने लगतच्या गटांची पेरणी एकापाठोपाठ एक लावून दिली, तर या फेऱ्या वाचतील आणि दोन एकरवाल्याचे शेतही आपोआप रांगेत येईल. एरवी मोठ्या खातेदाराचे काम आधी उरकते, हे मी रोज पाहतो.

बैलांचाही विचार करावा. सोव्हिएत संघाकडून येणारे तेल आटल्यावर क्युबाने १९९० च्या दशकात शेतीसाठी पुन्हा बैल जुंपले. लाल कंधारी आणि देवणी या तर आपल्याच भागातील जाती आहेत. परंतु कामाची जोडी एका हंगामात तयार होत नाही, म्हणून गावात किती जोड्या आणि चालू स्थितीतील किती तिफणी उरल्या आहेत, याची नोंद आजच करावी.

रांजण (भूम, जि. धाराशिव)

पेरणीच्या आधी पाण्याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. उन्हाळ्यात मराठवाड्यातील शेकडो गावे आणि वाड्या टँकरच्या पाण्यावर जगतात, आणि पाऊस लांबला तर जूनमध्येही टँकर सुरूच ठेवावे लागतात. डिझेल संपले म्हणून टँकर उभा राहिला, तर डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालण्याची वेळ बायकांवर आणि शाळकरी मुलींवर येते. म्हणून पहिला हक्क पाण्याच्या टँकरचा आणि रुग्णवाहिकेचा, हे ग्रामसभेने आधीच लेखी ठरवावे. डायलिसिससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्या रुग्णांची नावेही त्याच यादीत असावीत.

पुरवठा_माहिती (छत्रपती संभाजीनगर)

टंचाईची कुणकुण लागताच लोक ड्रम भरू लागतात, त्याबद्दल थोडे लिहितो. स्वतःच्या वापरासाठी परवान्याशिवाय पेट्रोल ३० लिटरपर्यंत, तर डिझेल २,५०० लिटरपर्यंत ठेवता येते. मात्र डिझेलचे कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे असू नये. कायद्याने मुभा असली, तरी चार बड्या शेतकऱ्यांनी एवढा साठा केला, तर तालुक्याचा पंप त्याच दिवशी कोरडा पडेल. शिवाय राहत्या घरात इंधन साठवणे धोक्याचे आहे.

श्रीलंकेने जुलै २०२२ पासून क्यूआर कोडवर आधारित साप्ताहिक वाटा ठरवून दिला. दुचाकीला सुरुवातीला आठवड्याला ४ लिटर पेट्रोल मिळत असे. आपला वाटा कमी असला तरी तो मिळणारच, असा भरवसा आल्यामुळे रांगा ओसरू लागल्या. आपल्यासाठी त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की ही नोंदणी आधी वाहनांची झाली, जनित्रे आणि इतर यंत्रांचा क्रम नंतर लागला. मळणीयंत्राला किंवा पाण्याच्या इंजिनाला वाहनासारखा क्रमांक नसतो. म्हणून ग्रामपंचायतीने अशा यंत्रांची मालकनिहाय यादी तयार करून ठरावासह तहसीलदारांकडे द्यावी, म्हणजे कॅनमधून डिझेल देण्याचा प्रश्न आला तेव्हा दाखवायला कागद हाती असेल.

पूर्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपण पाण्याचा मुद्दा मांडला नसता, तर तो आमच्या चर्चेतून सुटलाच असता. पुढच्या ग्रामसभेत टँकर आणि रुग्णवाहिकेचा अग्रक्रम, यंत्रांची यादी आणि गटवार पेरणी, हे तीनही विषय मी मांडणार आहे. एक गोष्ट अजून उरते. टंचाईत डिझेल चढ्या भावाने मिळू लागले की ट्रॅक्टरचे एकरी भाडेही वाढते, आणि लहान शेतकरी तेथेच मागे पडतो. अहमदपूरच्या दादांना विचारतो: डिझेल शेतकऱ्याने आणून द्यायचे आणि चालकाने केवळ यंत्राचे व मजुरीचे पैसे घ्यायचे, असा दर ठरवला, तर आपल्यासारख्या ट्रॅक्टरमालकांना तो परवडेल का?