पोरांना राउंड मारायला लावायचे की चार-चारचा गेम खेळवायचा?

सकाळचा_सर:
मी आमच्या पेठेतल्या १० ते १३ वयाच्या पोरांना सकाळी फुटबॉल शिकवतो. पगार नाही, हौस आहे. गेल्या महिन्यापासून मैदानाचे राउंड बंद केले आणि लगेच पालकांची तक्रार, "सर, पोरं पळतच नाहीत, नुसती खेळतात."

त्याआधी एकदा ११-११ च्या गेममध्ये मी फक्त राइट विंगवरच्या पोराकडे बघत बसलो होतो. पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या पायाला तीनदा बॉल लागला. उरलेला वेळ गडी कमरेवर हात. त्याच पोराला ३० बाय २० मीटरच्या चौकोनात चार-चारला टाकला. बॉल किती वेळा लागला ते मोजायचं मी सोडून दिलं, आणि चार मिनिटांत हा गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकतोय. आता याला पळणं म्हणायचं नाही तर काय? अमेरिकेत २०१७ पासून १२ वर्षांखालच्या पोरांना नऊ-नऊच्या पुढं खेळवतच नाहीत. आपल्याकडं दहा वर्षांचं पोरगं मोठ्या गोलमध्ये उभं करतात, आणि क्रॉसबार त्याच्या हातभर वर.

जुना_स्टॉपर:
सर, राउंड मारून आम्ही काय मेलो काय?
हिशोब करा. १०५ बाय ६८ चं मैदान २२ जणांत वाटलं तर एकेकाला सव्वातीनशे चौरस मीटर येतं. तुमच्या चौकोनात ७५. तिथं पोरगं तीन पावलं पळालं की ब्रेक. फुल स्पीड लागतच नाही. उद्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मोकळ्यात बॉल मिळाला, जीव तोडून पळाला, की हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, धरून खाली. मग म्हणायचं नशीब.
आणि दमलेलं पोरगं छोट्या गेममध्ये कडेला खुणेसाठी ठेवलेल्या कोनाशेजारी गपचूप उभं राहतं. राउंडमध्ये लपता येत नाही, मर्दा.

पुणेरी_पालक:
राउंडमध्येही लपता येतं. माझा मुलगा दर राउंडला बुटाची नाडी बांधायचा.

सकाळचा_सर:
स्टॉपरदादा, स्प्रिंटचं, म्हणजे फुल स्पीडच्या धावेचं म्हणणं कबूल. ती कमी राहते हे मलाही दिसतंय. पण त्यावर उपाय राउंड कसा? राउंडमध्ये तरी फुल स्पीड कुठं लागतो? आठवड्यातून दोनदा ३० मीटरच्या चार-पाच स्प्रिंट घेईन, मध्ये पुरता दम खाऊ देऊन. चौकोनही मोठा करता येतो, जागा वाढली की पळणं लांबतं.
लपण्याचं म्हणाल, तर कडेला जादा बॉल ठेवायचे. बॉल बाहेर गेला की लगेच दुसरा आत. तीन-चार मिनिटांचा गेम, दोन मिनिटं विश्रांती. आणि कोचनं ओरडत राहायचं. मी गप्प बसलो की गेम ढिला पडतो, हे रोज बघतोय.

जुना_स्टॉपर:
म्हणजे राउंडची शिस्त नको, ओरडणं चालतं. बरं.

दीपा_फिजिओ:
तुम्ही दोघं दमाचंच बोलताय. गुडघ्याचं कुणी बोलेल का?
छोट्या गेममध्ये थांबणं, वळणं, परत सुटणं जास्त. प्रत्येक ब्रेकचा भार गुडघ्यावर आणि टाचेवर येतो. मुलगा झपाट्यानं उंच होत असतो तेव्हा हाड आधी लांबतं आणि स्नायू ताणलेला राहतो. मग वाटीच्या खाली टेंगूळ येऊन दुखतं, ते ऑसगुड-श्लॅटर. त्याहून लहान मुलांची टाच दुखते. माझ्याकडं येणारी मुलं सकाळी एका सरांकडं, दुपारी शाळेच्या टीममध्ये आणि संध्याकाळी गल्लीत खेळतात. तिन्ही सर म्हणतात, "आमच्याकडं तर तासभरच असतो." बेरीज कुणीच करत नाही.
एक वही घाला. प्रॅक्टिस संपल्यावर अर्ध्या तासानं विचारायचं, ० ते १० मध्ये किती दमलास? ७ म्हणाला आणि ६० मिनिटं खेळला तर गुणाकार ४२०. शाळेतलं, गल्लीतलंही त्यातच मिळवायचं. आठवड्याचा आकडा एकदम उडाला की खेळ कमी करा.

जुना_स्टॉपर:
आमच्या वेळी टाच दुखली तर हळद लावायचे.

दीपा_फिजिओ:
आणि खेळायला पाठवायचे. म्हणूनच आज किती जण जिना धरून उतरतात ते बघा, काका.

सकाळचा_सर:
ताई, चार दिवस वही करून बघितली. एक पोरगं उजवी टाच उचलूनच चालतंय, हे मला दिसतंय. विचारलं तर म्हणतं, "सर, शून्य." शनिवारी मॅच आहे, टीममधून काढतील ही भीती. बाकीचेही त्याचं बघून दोन-तीनच सांगायला लागलेत.

दीपा_फिजिओ:
मग चारचौघांत विचारू नका. त्याच्या आईला विचारा, सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं कशी टाकतो. आणि शनिवारी त्याला बाहेर बसवा.

जुना_स्टॉपर:
बाहेर बसवा, पण किट घालून. आमच्यात बिनकिटाचं बसलेलं पोरगं परत आलं नाही कधी.